व्हेंटिलेटर दिसावा म्हणून कट प्लेन वर नेला आणि सर्व्हिस विंडो गायब झाली: रेव्हिटची व्ह्यू रेंज समजून घ्यायची आहे

कुर्ला_ते_फोर्ट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. रेव्हिटवर (इमारतीचं मॉडेल करून त्यातून नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) काम करायला लागून मला दोन वर्षं होत आली, पण व्ह्यू रेंजची, म्हणजे प्लॅनमध्ये कुठल्या उंचीपासून कुठल्या उंचीपर्यंतचं दिसावं ते ठरवायची, ती खिडकी उघडली की अजूनही हात थबकतो. आकडे हलवायचे, हवं ते दिसलं की ओके करायचं, असंच आतापर्यंत चाललं होतं. मागच्या महिन्यात ते अंगाशी आलं, म्हणून हा धागा काढतेय.

काम उपनगरातल्या एका सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचं. टिपिकल फ्लोअरच्या प्लॅनमध्ये टॉयलेटचे व्हेंटिलेटर दिसत नव्हते. त्यांची सिल (खालची कड) १५०० मिलिमीटरवर, हेड (वरची कड) २१०० वर. प्लॅनचा कट प्लेन, म्हणजे घर आडवं कापून बघायची उंची, रेव्हिटच्या तयार टेम्प्लेटमध्ये आला तसाच, १२०० वर. मी तो उचलून १६५० केला. व्हेंटिलेटर लगेच दिसले, शीट काढली, पीडीएफ साइटवर गेली.

किचन आणि डायनिंगमधल्या भिंतीत एक सर्व्हिस विंडो आहे, सिल १०५०, हेड १५००. ती प्लॅनमधून गेली, आणि तिचा टॅगही (ओळखीची खूण) तिच्याबरोबर गेला. माझं सगळं लक्ष टॉयलेटकडे होतं, त्यामुळे मला कळलंच नाही. साइटवर दोन मजल्यांवर ती भिंत सलग बांधली गेली, मग फोडावी लागली. मी साइटवर गेले तेव्हा गवंडीकाका एवढंच म्हणाले, "बाई, कागदावर नव्हती ती." रागावले नाहीत, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता मुळापासून समजून घ्यायचंय. व्हेंटिलेटर आणि सर्व्हिस विंडो दोन्ही एकाच प्लॅनमध्ये कसे दाखवायचे? ग्राउंड फ्लोअरची कंपाउंड वॉल १५०० उंच आहे, कट प्लेन तिच्या मधून जातो, तरी तिला जाड रेघ आणि हॅच (आत भरलेल्या रेघा) का येत नाही? आणि टॉयलेटचा सनक (खाली घेतलेला स्लॅब) ३०० खाली असून प्लॅनमध्ये दिसतो, पण मागच्या बागेची फरशी १३५० खाली आहे ती दिसत नाही. बॉटम दोन्हीकडे शून्यच आहे. मग नियम नक्की काय?

---

टी_स्क्वेअर

ताई, आकडे जरा बाजूला ठेवा आणि मनाने साइटवर चला.

फ्लोअरिंगच्या आधी पाण्याच्या नळीने लेव्हल काढून सगळ्या खोल्यांच्या भिंतींवर एकाच उंचीला दोरी मारतात, ते तुम्ही पाहिलं असेल. बहुतेक साइटवर फिनिश फ्लोअरपासून एक मीटरवर. रंगात बुडवलेली दोरी दोघं दोन टोकांना धरतात, मधे ताणून सोडतात, आणि भिंतीवर सरळ रेघ उमटते. ती रेघ हॉलमधून बेडरूममध्ये, बेडरूममधून टॉयलेटमध्ये, चौकटी ओलांडत घरभर फिरते. आता त्या रेघेवरून अख्ख्या घरावर करवत चालवली आणि वरचा भाग उचलून बाजूला ठेवला असं समजा. उरलेल्या भागावर उभं राहून खाली पाहिलं की जे दिसतं तो प्लॅन. ती रेघ म्हणजे कट प्लेन. रेव्हिटच्या मेट्रिक टेम्प्लेटमध्ये ती १२०० वर असते, म्हणजे जवळजवळ चार फुटांवर. आपल्याकडे खिडकीची सिल साधारण ९००, लिंटेल २१००. चार फुटांवर कापलं की दारं-खिडक्या दोन्ही करवतीत सापडतात, म्हणून ती उंची सोयीची.

आम्ही ट्रेसिंगवर शाईने काढायचो तेव्हा हे हातालाच माहीत असायचं. कापलेल्या भिंतीला ०.५ चं पेन. ओटा, कमोड, सिल असं जे खाली दिसतं त्याला ०.२. डोक्यावरचा छज्जा किंवा माळा तुटक रेघेने. चुकलं तर ब्लेडने शाई खरवडायची, म्हणून पेन टेकवण्याआधी विचार करावाच लागायचा की ही वस्तू कापली गेली, खाली दिसली की वर राहिली. व्ह्यू रेंज तोच प्रश्न विचारते, फक्त आकड्यात.

आता चारही पातळ्या. टॉप: कट प्लेनच्या वर कुठपर्यंतच्या वस्तूंची दखल घ्यायची ती हद्द, टेम्प्लेटमध्ये २३००. कट प्लेन: करवत, १२००. बॉटम: मुख्य रेंजचा तळ, शून्य. व्ह्यू डेप्थ: बॉटमच्याही खाली नजर कुठपर्यंत जाऊ द्यायची ते, तीही मुळात शून्य. कट प्लेन आणि बॉटम यांच्यामधलं सगळं प्रोजेक्शनच्या बारीक रेघेत येतं. बॉटम आणि व्ह्यू डेप्थ यांच्यामधलं 'बियाँड' नावाच्या लाइन स्टाइलमध्ये येतं. ही स्टाइल एकदा आपल्या ऑफिसच्या पद्धतीने लावून घ्या, राखाडी किंवा तुटक. मग खालची वस्तू कागदावर आपोआप खालची वाटते.

खिडकीच्या खाली डावीकडे 'शो' नावाचं बटण आहे. ते दाबलं की चित्र उघडतं आणि कोणता आकडा कुठली पातळी हे तिथेच कळतं. मी नव्या मुलांना पहिला आठवडा ते उघडंच ठेवायला सांगतो.

तुमच्या व्हेंटिलेटरचा प्रश्न: अख्ख्या प्लॅनचा कट प्लेन हलवू नका. एका टॉयलेटसाठी तुम्ही अख्ख्या घराची करवत साडेचारशे मिलिमीटर वर नेलीत. सर्व्हिस विंडो तिच्या खाली राहिली, तिच्या डोक्यावरची भिंत कापली गेली, आणि प्लॅनमध्ये तिथे सलग भिंत आली. रेव्हिटने खोटं काही दाखवलं नाही. १६५० वर ती भिंत खरंच सलग आहे.

यासाठी प्लॅन रीजन आहे. व्ह्यू टॅबमध्ये प्लॅन व्ह्यूजच्या खाली सापडेल. टॉयलेटच्या बाहेरच्या भिंतीभोवती बंद चौकोन काढा आणि फक्त त्या चौकोनाची व्ह्यू रेंज बदला, कट प्लेन १६५०. चौकोनाबाहेर १२०० चं राज्य तसंच राहील. दोन रीजन एकमेकांवर चढलेले चालत नाहीत, कडेला कड लागलेली चालते.

---

शिफ्ट_एंटर

टी_स्क्वेअर सरांशी सहमत, पण आमच्याकडे डेडलाइन असते तेव्हा व्हेंटिलेटर डिटेल लाइनने काढून टाकतात. चार रेघा, अर्ध्या मिनिटाचं काम. अठरा मजले, मजल्यावर सहा फ्लॅट, इतके प्लॅन रीजन कोण काढणार?

---

टी_स्क्वेअर

कळकळीने सांगतो, असं करू नका. डिटेल लाइन ही त्या व्ह्यूवर काढलेली नुसती रेघ आहे. भिंत सरकली, ती तिथेच राहिली. व्हेंटिलेटर ६०० चा ४५० झाला, शेड्यूलमध्ये (दारं-खिडक्यांच्या यादीत) ४५० आलं, प्लॅनमध्ये ६०० राहिलं. मग ठेकेदार विचारतो कोणतं खरं, आणि आपल्याकडे उत्तर नसतं. मॉडेल करायचं आणि त्यावर हाताने रेघा ओढायच्या, तर मॉडेल कशाला केलं?

रीजनच्या संख्येचं म्हणाल तर, एका मजल्यावर काढा, सगळे निवडून कॉपी करा आणि 'अलाइन्ड टू सिलेक्टेड व्ह्यूज'ने बाकीच्या मजल्यांच्या प्लॅनवर पेस्ट करा. ऑफसेट त्या-त्या मजल्याच्या लेव्हलपासून मोजले जातात, त्यामुळे आकडे परत भरावे लागत नाहीत. पेस्ट झाल्यावर वरच्या एखाद्या मजल्यावरचा एक रीजन उघडून मात्र पाहा.

---

मॉडेल_समन्वय

तुमचे उरलेले दोन प्रश्न घेतो. रेव्हिटमध्ये काही अपवाद आहेत. ते माहीत नसले की माणूस रात्रभर आकडे हलवत बसतो.

कंपाउंड वॉल. सहा फुटांपेक्षा कमी उंचीची भिंत रेव्हिट प्लॅनमध्ये कापतच नाही, कट प्लेन तिच्या मधून गेला तरी. ती वरून पाहिल्यासारखी, प्रोजेक्शनच्या बारीक रेघेत येते. खरी मेख अशी की हे सहा फूट भिंतीच्या पायापासून मोजत नाहीत. भिंतीच्या माथ्यापासून प्रायमरी (मुख्य) रेंजच्या बॉटमपर्यंत मोजतात. तुमचा माथा १५००, बॉटम शून्य, म्हणजे पाच फुटांच्या आत. कापणार नाही. त्या प्लॅनमध्ये बॉटम −६०० करा (व्ह्यू डेप्थही तेवढी किंवा त्याखाली न्यावी लागेल, नाहीतर एरर येते). अंतर २१०० झालं, सहा फूट ओलांडले, आणि भिंत जाड रेघेत, हॅचसकट येईल. गच्चीच्या प्लॅनमध्ये पॅरापेट बारीक रेघेत येतो त्याचं कारणही हेच.

बॉटम खाली नेल्यावर अजून काय-काय दिसायला लागलं ते मात्र एकदा नजरेखालून घाला. प्लिंथच्या खालच्या वस्तू वर येतात.

सनक आणि बाग. नियमाने बॉटम आणि व्ह्यू डेप्थच्या खालचं काही दिसायला नको. पण फ्लोअर, जिने, रॅम्प आणि फ्लोअरवर किंवा फ्लोअरमध्ये बसवलेल्या काही गोष्टी यांना रेव्हिट सूट देतं. बॉटमच्या खाली चार फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२२० मिलिमीटरपर्यंत त्या दिसतात. सनक −३०० वर आहे, सवलतीत बसतो. बाग −१३५० वर, जेमतेम १३० मिलिमीटरने बाहेर पडली. तिथे व्ह्यू डेप्थ −१५०० करा, येईल.

तिसरा अपवाद तुम्ही विचारला नाहीत, पण पुढे लागेल. खिडक्या, केसवर्क (बसवलेली कपाटं) आणि जेनेरिक मॉडेल या कॅटेगरींमधली वस्तू कट प्लेनच्या वर पण टॉपच्या खाली असली तरी दिसते, वरून पाहिल्यासारखी. म्हणून ओट्यावरची भिंतीतली कपाटं प्लॅनमध्ये येतात आणि फ्लोअर म्हणून काढलेला माळा येत नाही. तुमचा व्हेंटिलेटर खिडकी असूनही का दिसला नाही? कारण १२०० वर तिथली भिंत सलग आहे, भोक करवतीच्या वर आहे. फॅमिलीतल्या (त्या खिडकीच्या मूळ नमुन्यातल्या) सिम्बॉलिक रेघांना 'इन्स्टन्स कापला गेला तरच दाखवा' अशी खूण केलेली असेल तर त्याही येत नाहीत. फॅमिली उघडून एकदा बघा.

आणि फर्निचर, प्लंबिंग फिक्श्चर, लाइट, झाडं, पार्किंग या कॅटेगरी मुळात कापल्याच जात नाहीत. सहा फुटी कपाट फर्निचर म्हणून केलं असेल तर करवत मधून गेली तरी ते बारीक रेघेतच येणार. तिथे व्ह्यू रेंजशी झटापट करू नका.

---

चौथं_वर्ष

मी अजून शिकतेय, प्रश्न साधा आहे. माझ्याकडे व्ह्यू रेंजचं बटणच राखाडी आहे, दाबलं जात नाही. फाइल बिघडली असेल का?

---

मॉडेल_समन्वय

फाइल ठीक आहे. त्या व्ह्यूला व्ह्यू टेम्प्लेट (व्ह्यूच्या सेटिंगचा साचा) लावलेला आहे आणि व्ह्यू रेंज टेम्प्लेटच्या ताब्यात आहे. प्रॉपर्टीजमध्ये 'व्ह्यू टेम्प्लेट' ओळ बघ. दोन मार्ग आहेत: टेम्प्लेट उघडून त्यातली व्ह्यू रेंज बदलायची, किंवा टेम्प्लेटमधली व्ह्यू रेंजची खूण काढून ती व्ह्यूच्या हाती द्यायची. पहिल्या मार्गाने तो टेम्प्लेट लावलेले सगळे व्ह्यू बदलतील, तेव्हा कॉलेजच्या ग्रुपच्या फाइलमध्ये करत असशील तर आधी बाकीच्यांना विचार. पण टेम्प्लेट नुसता 'नन' करून पुढे जाऊ नकोस. मग तो एक प्लॅन बाकीच्यांपासून सुटतो आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्या शीट एकसारख्या का नाहीत ते शोधत बसावं लागतं.

---

फॉल्स_सीलिंग

इंटिरियरवाल्यांची बाजू मांडते. आमचा रोजचा त्रास सीलिंग प्लॅनचा. आरसीपीमध्ये (म्हणजे सीलिंग प्लॅनमध्ये) नजर उलटी: कट प्लेनपासून वर बघायचं, आणि व्ह्यू डेप्थ टॉपच्या बरोबरीने किंवा वर. माझ्या एका फ्लॅटमध्ये हॉलचं सीलिंग २६००, पण पॅसेजमध्ये डक्टमुळे २२०० पर्यंत उतरवलेलं. कट प्लेन २३०० वर होता. पॅसेजचं सीलिंग करवतीच्या खाली राहिलं, प्लॅनमध्ये पॅसेज कोरा! मला वाटलं सीलिंगच डिलीट झालं, नवीन काढायला घेतलं, आणि रेव्हिटने तिथे आधीच सीलिंग असल्याची वॉर्निंग दिली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कट प्लेन २१५० केला, सगळं आलं.

माळ्याबद्दल वर लिहिलंय त्यात भर. माळा, छज्जा, वरच्या मजल्याची बाल्कनी हे तुटक रेघेने दाखवायचं असेल तर मी अंडरलेमध्ये (प्लॅनखाली फिकट दिसणारं दुसऱ्या मजल्याचं चित्र) वरची लेव्हल घेते, मग लाइनवर्क टूलने (शॉर्टकट एलडब्ल्यू) त्या कडांवर 'ओव्हरहेड' स्टाइल लावते, आणि अंडरले परत बंद करते. लावलेल्या रेघा राहतात. शिफ्ट_एंटर, तुमच्या डिटेल लाइनपेक्षा हे बरं, कारण ही रेघ त्या वस्तूचीच कड असते.

---

पाईप_आणि_ट्रॅप

प्लंबिंगवाल्यांचं ऐका थोडं. आम्ही आर्किटेक्टचं मॉडेल लिंक करून काम करतो. आमच्या प्लॅनमध्ये सनकमधला नहाणी ट्रॅप आणि त्याचे पाईप बियाँडच्या फिकट रेघेत यायचे, प्रिंटमध्ये साइटवाल्याला दिसायचेही नाहीत. कारण आम्ही फक्त व्ह्यू डेप्थ −४५० केली होती, बॉटम शून्यावरच. बॉटम आणि व्ह्यू डेप्थ दोन्ही −४५० केले, पाईप पूर्ण रेघेत आले. आमच्या शीटवर पाईपच मुख्य, त्याला फिकट ठेवून कसं चालेल?

लिंकबद्दल एक. लिंक केलेलं मॉडेल 'बाय होस्ट व्ह्यू' असेल तर त्याला आमची व्ह्यू रेंज लागते. 'बाय लिंक्ड व्ह्यू' केलं तर आर्किटेक्टच्या त्या व्ह्यूची. आमचं बॉटम −४५० झाल्यावर त्यांच्या भिंती आणि फ्लोअरसुद्धा तेवढ्याच खोलवर दिसायला लागतात आणि शीट गजबजते. व्हिजिबिलिटी ग्राफिक्समध्ये (व्ह्यूमध्ये काय दिसावं ते ठरवायची खिडकी) रेव्हिट लिंक्सच्या टॅबमध्ये 'कस्टम' निवडून लिंकची व्ह्यू रेंज वेगळी ठेवता येते. आणि दोन मॉडेलच्या लेव्हल एकच धरल्यात ना हे आधी विचारून घ्या. एकाची लेव्हल फिनिशवर आणि दुसऱ्याची स्लॅबवर असली तर दोघांचा १२०० चा कट फिनिशच्या जाडीएवढा वेगळा पडतो.

---

कुर्ला_ते_फोर्ट (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी ऑफिसात बसून करून पाहिलं, ते लिहिते.

आधी कट प्लेन परत १२०० केला. सर्व्हिस विंडो आली, टॅगसकट. ती परत दिसली तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं. मग टॉयलेटच्या बाहेरच्या भिंतीवर प्लॅन रीजन. पहिल्यांदा मी चौकोन फार मोठा काढला, शेजारची किचनची खिडकीही आत आली. तिचं हेड २१०० असल्यामुळे काही बिघडलं नाही, पण तरी चौकोन भिंतीपुरता छोटा केला. कंपाउंड वॉल −६०० वर लगेच कापली गेली. मात्र समन्वय दादांनी सांगितलं तसं प्लिंथच्या बाहेरची गटारसुद्धा दिसायला लागली. ती ग्राउंड फ्लोअरच्या प्लॅनमध्ये हवीच होती, आजवर कुणाला आठवली नव्हती.

आता मी एक सवय लावून घेतलीय. कोणतीही वस्तू दिसेनाशी झाली की व्ह्यू रेंजला हात लावण्याआधी त्या जागेवरून एक सेक्शन काढायचा. त्यात सिल, हेड, कट प्लेन यांची उंची कागदावर पेन्सिलने लिहायची. करवत कुठून जाते हे दिसलं की उत्तर बहुतेक तिथेच मिळतं. सेक्शनमध्ये वस्तू दिसते पण आकडे बरोबर असून प्लॅनमध्ये दिसत नाही, असं झालं तर मग व्हिजिबिलिटी ग्राफिक्स, फिल्टर, फेज, वर्कसेट ही सेटिंग तपासायची. रिव्हील हिडनच्या (लपवलेल्या वस्तू दाखवणाऱ्या) दिव्यावर मी आधी फार विसंबायचे. व्ह्यू रेंजच्या बाहेरची वस्तू तो दाखवत नाही, हे आत्ता कळलं.

एक शंका उरलीय. प्लॅन रीजनची हिरवी तुटक चौकट शीटवर दिसतेय. साइट इंजिनिअरने फोन करून विचारलं की टॉयलेटभोवती हा चौकोन कसला, तिथे काही तोडायचंय का.

---

टी_स्क्वेअर

व्हिजिबिलिटी ग्राफिक्समध्ये ॲनोटेशन कॅटेगरीजचा टॅब, त्यात प्लॅन रीजन, खूण काढा. चौकट जाते, परिणाम राहतो. हे त्या शीटच्या व्ह्यू टेम्प्लेटमध्येच करा म्हणजे सगळ्या मजल्यांना एकदम लागेल. काम करायच्या प्लॅनमध्ये मात्र चौकट चालू ठेवा. नाहीतर तीन महिन्यांनी दुसरं कोणी ती फाइल उघडेल आणि या भिंतीचा कट वेगळा का, ते शोधत बसेल.

महापालिकेच्या परवानगीसाठी ऑटोडीसीआरला (नकाशे नियमांशी ताडून पाहणारी संगणक प्रणाली) डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) देणार असाल तर त्या प्लॅनची वेगळी डुप्लिकेट ठेवा आणि एक्स्पोर्ट केल्यावर ती फाइल उघडून व्हेंटिलेटर आणि सर्व्हिस विंडो दोन्ही आल्यात का ते पाहा.

आणि ताई, त्या गवंडीकाकांना नवीन प्रिंट स्वतः नेऊन दाखवा.

---

कुर्ला_ते_फोर्ट (धागाकर्ती)

झालं सर, चौकट गेली. प्रिंट काढलीय, उद्या सकाळी साइटवर जातेय. सर्व्हिस विंडोच्या टॅगला लाल पेनाने गोल केलाय.